दोन तास उशिरा

गजर साडेतीनचा. त्याआधीच जाग येते,
बाहेरच्या शांततेनं.
सुपीरियर सरोवरावरून बर्फ यायला लागला
की आवाज येत नाही,
आणि मला तोच ऐकू येतो.

पायजम्यावरच जाड विजार चढवते,
गाडीची काच खरवडते आणि निघते
रस्त्याला कौल लावायला.
गिरणीच्या उतारावर ब्रेक दाबून बघते.
गाडी थांबते, पण तिच्या मर्जीनं.
डावा कौल.
पुलावर पुन्हा लावते. पुन्हा डावाच.

सव्वाचारला रूडी लाहतीचा पिवळा दिवा दिसतो.
छत्तीस वर्षं बर्फावर नांगर चालवतोय.
काच बोटभर खाली करून म्हणतो,
"इकडचं काढतोय तोवर तिकडचं भरतंय.
सातपर्यंत? नाव काढू नकोस. नऊला, कदाचित."
त्या कदाचितवर
मी सहाशे बारा मुलं बसवायची.

मग पलीकडच्या गावच्या शाळांमधून गॉर्डन:
"तू बंद करतेयस?"
"तू?"
"मी बघतोय."
"मीपण बघतेय."
दोन म्हातारी माणसं, मध्ये वीस मैल अंधार,
आधी कोण हलतं याची वाट बघत.

वर्षाच्या हिशेबात पाच दिवस हातचे ठेवलेत.
जानेवारी संपायच्या आत चार गेले.
त्यापुढचे जूनमध्ये भरून द्यायचे,
उकाड्यात, डासांत,
मुलांच्या माना खिडकीकडे वळलेल्या असताना.

पत्रं दोन्ही बाजूंनी येतात.
शाळा उघडली की: पोरांना मारायचंय का?
बंद ठेवली की: आमच्या वेळी आम्ही चालत जायचो.
(त्यांच्या वेळी मी त्यांच्याच वर्गात होते.
बाप ट्रकमधून सोडायचा.)

मुलांचं शास्त्र वेगळं.
उशीखाली चमचा, पायजमा उलटा,
संडासात बर्फाचे सहा खडे, सहाच.
चौथीच्या ऑस्ट्रँडरबाई परवा हळूच म्हणाल्या,
"चमचा मीही ठेवते."

सव्वापाचला जाहीर करते: दोन तास उशिरा.
उशीर म्हणजे निर्णयावर घातलेलं पांघरूण.
ते सातला उडालं. वारा वळला,
मार्लिसची बस आवारातच आडवी झाली,
रिकामी होती, एवढंच.
मी कळ दाबली.
सहाशे बारा घरांत फोन वाजले: बंद.

सहाशे अकरा.

पावणेआठला स्वयंपाकघराच्या दाराशी
वेंडेल कांगास, इयत्ता दुसरी,
भुवयांवर बर्फ, पायात बहिणीचे बूट.
आईचा फोन महिनाभर तोडलेला.
थांब्यावर उभा होता. बस आली नाही,
म्हणून बसच्या वाटेनं चालत आला.
"मला उशीर झाला?"

"नाही," मी म्हटलं. "तू पहिला."
इतका खूश झाला
की पुढचं मला सांगवेना.

मोठ्या भट्टीत दोनच पाव भाजताना
ती सगळी भट्टी तापवावी लागते.
त्यानं पाच खाल्ले, सहावा खिशात घातला.
मी दुसरीकडे बघत होते.
मग म्हणाला, "बाकीचे कधी येणार?"
आणि रिकाम्या जेवणघरात, आपल्या नेहमीच्या जागेवर,
कोपऱ्यातल्या बाकावर, जाऊन बसला,
शेजारी कुणासाठी तरी जागा सोडून.

मी कळ दाबते तेव्हा
मला फक्त रस्ते दिसतात.
जेवणाच्या ताटांचा आकडा
दुसऱ्या कपाटात असतो.

दहाला रूडीच्या मागोमाग त्याला घरी सोडलं.
उतारावर ब्रेक दाबून बघितला नाही.
परत येऊन वही काढली
आणि बंद शाळेत एक हजेरी मांडली.
नियमात बसत नाही.
जूनमध्ये सांगेन त्याला,
तुझा एक दिवस भरलेला आहे, येऊ नकोस.

तो येईलच.
शुक्रवारी पिझ्झा असतो.